भरीव वृत्तचितीची घनता जुळत नाही? आलेल्या आकड्यावरून चूक शोधा

व्हर्नियर कॅलिपर, तराजू आणि एक पितळी वृत्तचिती. साहित्य एवढेच, सूत्रही एका ओळीचे (घनता = वस्तुमान ÷ आकारमान, आणि आकारमान = पाय (π) × त्रिज्या × त्रिज्या × उंची), तरी घनता काही केल्या जुळत नाही ही तक्रार प्रयोगशाळेत दर वर्षी ऐकू येते. उत्तर ८.५ च्या जवळपास हवे असते आणि येते २.१, ७.८, ८.१, ६५ नाहीतर ०.००८५. मग वृत्तचिती पुन्हा मोजली जाते, पुन्हा तेच उत्तर येते, आणि शेवटी वहीत पुस्तकातला आकडा उतरवला जातो. यातली शेवटची गोष्ट सर्वांत वाईट, कारण चुकलेले उत्तर टाकून देण्यासारखे नसते. चूक कुठे झाली हे बहुतेक वेळा त्या आकड्यावरूनच कळते. म्हणून पुन्हा मोजायला बसण्याआधी आलेला आकडा नीट पाहा.

खाली सगळीकडे एकच उदाहरण घेतले आहे, म्हणजे आकडे ताडून पाहता येतील. भरीव पितळी वृत्तचिती, वस्तुमान ७४.० ग्रॅम, खरा व्यास १.९१ सेमी, खरी उंची ३.०४ सेमी. आकारमान ८.७१ घसेमी (घन सेंटिमीटर), घनता ८.५० ग्रॅम/घसेमी. पितळात तांबे आणि जस्त यांचे प्रमाण बदलते, त्यामुळे ८.४ ते ८.७ यांमधले कोणतेही उत्तर पितळासाठी रास्त आहे. तुमच्या वृत्तचितीचे आकडे वेगळे असतील, पण खाली दिलेल्या पटी बहुतांशी तशाच राहतील.

उत्तर कित्येक पटींनी चुकले असेल तर

अशा वेळी कॅलिपरला हात लावू नका. मोजमाप कितीही ओबडधोबड झाले तरी उत्तर चौपट किंवा हजारपट चुकत नाही. दोष हिशेबात आहे.

उत्तर २.१२ आले, म्हणजे खऱ्याच्या बरोबर पावपट. त्रिज्येच्या जागी व्यास घातला गेला. व्यास त्रिज्येच्या दुप्पट, त्याचा वर्ग चौपट, म्हणून आकारमान चौपट आणि घनता पावपट. ही सगळ्यांत नेहमीची चूक. उलट उत्तर ३४ आले तर व्यास दोनदा निम्मा झाला आहे: आधी त्रिज्या काढली आणि मग व्यासाच्या सूत्रात, ज्यात ४ ने भागणे आधीच आहे, तीच त्रिज्या घातली.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवावी. सर्वांत जास्त घनतेचे मूलद्रव्य ऑस्मिअम, त्याची घनता सुमारे २२.६ ग्रॅम/घसेमी. प्रयोगशाळेतल्या कोणत्याही वृत्तचितीची घनता याच्या वर गेली तर ते उत्तर अशक्य आहे, पुढे तपासायचीही गरज नाही.

उत्तर २६.७ आले तर सूत्रातला पाय, म्हणजे ३.१४१६, गुणायचा राहिला. उत्तर ६५.३ आले तर दोष कॅल्क्युलेटरवर आकडे दाबण्याच्या क्रमात आहे: ७४ ÷ ३.१४ × ०.९५५ × ०.९५५ × ३.०४ असे सलग दाबले. यंत्र फक्त ३.१४ ने भागते आणि पुढच्या सगळ्यांनी गुणत जाते. छेद कंसात घाला, किंवा आधी आकारमान वेगळे काढून कागदावर लिहा आणि मग भागा. दुसरा उपाय जास्त चांगला, कारण आकारमान डोळ्यांसमोर असले की ते पटते का हेही पाहता येते. अंगठ्याच्या पेराहून थोडी मोठी वस्तू ८.७ घसेमीची असू शकते, ८७१ घसेमीची नाही.

उत्तर ०.११८ आले तर भागाकार उलटा झाला: आकारमान भागिले वस्तुमान. उत्तर ४.०६ आले तर त्रिज्येचा वर्ग करताना तिची दुप्पट केली, किंवा आकारमानाऐवजी वक्रपृष्ठफळाचे सूत्र लावले. दोन्हींचा आकडा एकच येतो, कारण २ × पाय × त्रिज्या × उंची हाच गुणाकार दोन्ही चुकांत होतो. वर्ग म्हणजे दुप्पट नव्हे हे सर्वांना माहीत असते, तरी घाईत हे होते. त्रिज्या नेमकी २ सेमी असेल तर वर्ग आणि दुप्पट सारखेच येतात. म्हणून सराव उदाहरणात त्रिज्या २ कधीही घेऊ नये, ती चूक झाकून टाकते.

एककांच्या चुका शून्यांवरून ओळखू येतात. ०.००८५ म्हणजे दोन्ही मापे मिलिमीटरमध्ये राहिली. तो आकडा ग्रॅम प्रति घनमिलिमीटर म्हणून बरोबरच आहे, फक्त १००० ने गुणायचा राहिला. ०.०८५ म्हणजे व्यास मिलिमीटरमध्ये आणि उंची सेंटिमीटरमध्ये. याच्याशी गल्लत होईल असा आणखी एक आकडा आहे, ०.०८३. तो तानकाट्यावरून, म्हणजे स्प्रिंगच्या काट्यावरून येतो. काट्याच्या एका बाजूला ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूला न्यूटन छापलेले असतात. ७४ ग्रॅमची वस्तू न्यूटनच्या पट्टीवर ०.७२५ दाखवते आणि तोच आकडा वस्तुमान म्हणून वापरला जातो. न्यूटनमधले वाचन ९.८ ने भागले की किलोग्रॅम मिळतात. डिजिटल कॅलिपर वापरून उत्तर १३९ च्या आसपास आले तर पडद्यावर इंच होते. बटण दाबून मिमी करा आणि पुन्हा मोजा.

किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये उत्तर हवे असेल तर ८.५० ला १००० ने गुणायचे: ८५००. इथे १०० ने गुणणे किंवा १००० ने भागणे, दोन्ही वह्यांत सापडते. पाण्याची घनता एका एककात १ आणि दुसऱ्यात १०००, एवढे आठवले तरी पुरते.

हिशेबातल्या निम्म्या चुका एका सवयीने टळतात: त्रिज्या काढूच नका. कॅलिपर व्यास देतो, तर सूत्रही व्यासाचेच ठेवा. आकारमान = ०.७८५४ × व्यास × व्यास × उंची. ०.७८५४ म्हणजे पाय भागिले ४. लेथवर (धातू कातण्याच्या यंत्रावर) काम करणारे राउंड बारचे वजन काढताना हेच वापरतात.

आपली हिशेबाची पद्धत बरोबर आहे का हे तपासायला एक प्रसिद्ध वृत्तचिती उपयोगी पडते. फ्रान्समधल्या सेव्हर येथे ठेवलेला किलोग्रॅमचा आंतरराष्ट्रीय नमुना ही प्लॅटिनम-इरिडिअमची वृत्तचिती आहे. व्यास आणि उंची दोन्ही सुमारे ३९ मिमी, वस्तुमान १ किलोग्रॅम. १८८९ पासून २० मे २०१९ पर्यंत किलोग्रॅमची व्याख्या तिच्यावर होती. भारताची प्रत, क्रमांक ५७, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. या आकड्यांवरून घनता काढा. आकारमान सुमारे ४६.६ घसेमी आणि घनता सुमारे २१.५ ग्रॅम/घसेमी आली तर सूत्र, एकके आणि कॅल्क्युलेटर तिन्ही ठीक आहेत. मग दोष मोजमापात शोधायचा.

उत्तर थोडेसेच चुकले असेल तर

खरी अडचण इथे आहे. ८.११, ८.१५, ७.८३, ८.७७, ८.८६ हे आकडे पटण्यासारखे दिसतात, म्हणून ते 'प्रयोगातली किरकोळ त्रुटी' या नावाखाली खपून जातात. यातला एकही किरकोळ नाही.

आधी ८.११ चे पाहू, कारण हीसुद्धा हिशेबाचीच चूक आहे आणि मोजमापाच्या चुकीचे सोंग घेऊन येते. त्रिज्येचा वर्ग करायचा पूर्ण राहून गेला. आपली त्रिज्या ०.९५५ सेमी, म्हणजे जवळजवळ १. एकाचा वर्ग एकच, त्यामुळे वर्ग केला काय आणि न केला काय, फरक अवघा साडेचार टक्के. प्रयोगशाळेतल्या बऱ्याच वृत्तचिती साधारण २ सेमी व्यासाच्या असतात, तेव्हा हा सापळा सगळीकडे आहे. पडताळा सोपा: तोच हिशेब मिलिमीटरमध्ये करा. वर्ग राहिला असेल तर उत्तर ०.००८५ च्या जागी ०.०८ येते आणि चूक उघडी पडते.

बाकीचे चारही आकडे शून्य त्रुटीचे आहेत. समजा, कॅलिपरची शून्य त्रुटी +०.०३ सेमी आहे. म्हणजे जबडे पूर्ण मिटले असताना व्हर्नियरचे, म्हणजे सरकत्या छोट्या पट्टीचे, शून्य मुख्य पट्टीच्या शून्याच्या उजवीकडे आहे आणि व्हर्नियरची तिसरी रेघ जुळते आहे. हा कॅलिपर प्रत्येक माप ०.०३ ने जास्त दाखवणार: व्यास १.९४, उंची ३.०७. आता त्याच एका वृत्तचितीचे काय काय होऊ शकते ते पाहा.

दुरुस्ती केलीच नाही तर ८.१५. चार टक्क्यांचा फटका, त्यातला तीन टक्क्यांचा एकट्या व्यासाचा.

चिन्ह चुकले, वजा करण्याऐवजी मिळवले, तर व्यास १.९७ आणि उंची ३.१० होते आणि घनता ७.८३. साध्या पोलादाची घनता ७.८५ असते. म्हणजे एका चिन्हाने पितळाचे पोलाद झाले, आणि वहीत 'वृत्तचिती पोलादाची आहे' असा निष्कर्ष पूर्ण आत्मविश्वासाने लिहिला जातो.

दुरुस्ती दोनदा केली, एकदा तक्त्यात प्रत्येक वाचनाला आणि पुन्हा सरासरीला, तर ८.८६. आता ती तांब्याकडे झुकली, तांब्याची घनता ८.९६. तक्त्यात 'दुरुस्त वाचन' असा रकाना असेल तर सरासरीला हात लावायचा नाही.

आधी व्यास निम्मा करून त्रिज्येतून पूर्ण ०.०३ वजा केले तर ८.७७. शून्य त्रुटी व्यासातली आहे, तेव्हा ती व्यासातूनच काढायची, निम्मे त्यानंतर. त्रिज्या काढू नका म्हटले, त्याचे हे दुसरे कारण.

चिन्हाचा गोंधळ कायमचा घालवायचा असेल तर नियम पाठ करू नका. जबडे मिटवा आणि स्वतःला विचारा: मध्ये काहीच नसताना हे उपकरण किती दाखवते? जास्त दाखवत असेल तर प्रत्येक माप तेवढे जास्त आहे, म्हणून वजा. शून्यापेक्षा कमी दाखवत असेल तर प्रत्येक माप तेवढे कमी आहे, म्हणून मिळवा.

ऋण शून्य त्रुटीत आणखी एक खाच आहे. व्हर्नियरचे शून्य मुख्य शून्याच्या डावीकडे आहे आणि आठवी रेघ जुळते आहे, तर त्रुटी −०.०८ नाही. दहा रेघांच्या व्हर्नियरवर ती (१० − ८) × ०.०१, म्हणजे −०.०२ सेमी. जुळलेली रेघ दहातून वजा करून मग लघुतम मापाने (कॅलिपरवर वाचता येणाऱ्या सर्वांत लहान मापाने) गुणायचे. हे विसरले की प्रत्येक मापात ०.०६ सेमीची भर पडते आणि व्यासातून घनतेवर सहा टक्क्यांहून जास्त परिणाम होतो.

व्हर्नियर वाचताना

मुख्य पट्टीवरचे वाचन म्हणजे व्हर्नियरच्या शून्याच्या लगेच डावीकडची रेघ. सर्वांत जवळची रेघ नव्हे. बहुतेक वेळा या दोन्हींत फरक पडत नाही, पण जुळणारी रेघ आठवी किंवा नववी असते तेव्हा हमखास पडतो. व्हर्नियरचे शून्य १.९ च्या रेघेवर बसल्यासारखे दिसते आणि नववी रेघ जुळते. घाईत १.९९ लिहिले जाते. शून्य खरे तर १.९ च्या केसभर अलीकडे आहे आणि वाचन १.८९ आहे. या एका मिलिमीटरने घनता जवळजवळ अकरा टक्क्यांनी बदलते. जुळणारी रेघ ८ किंवा ९ आली की मुख्य पट्टी पुन्हा पाहायची.

दुसरी चूक एककांची सरमिसळ. मुख्य वाचन १९ मिमी, जुळणारी रेघ चौथी, लघुतम माप ०.०१ सेमी. १९ + ४ × ०.०१ = १९.०४ असे लिहिले जाते. मिलिमीटरमध्ये लघुतम माप ०.१ आहे, म्हणून १९.४ मिमी, किंवा १.९४ सेमी. तक्ता सुरू करताना एकच एकक ठरवा आणि रकान्याच्या डोक्यावर लिहा.

लघुतम माप गृहीत धरू नका, प्रत्येक कॅलिपरवर काढा. दहा रेघा ९ मिमीमध्ये बसवलेल्या असतील तर ०.१ मिमी. वर्कशॉपच्या कॅलिपरवर पन्नास रेघा ४९ मिमीमध्ये असतात, तिथे लघुतम माप ०.०२ मिमी. त्या पट्टीवर दर पाचव्या रेघेला १, २, ३ असे आकडे छापलेले असतात. ४ हा आकडा जुळला तर ती विसावी रेघ आहे आणि भर ०.४० मिमीची. विसावी रेघ म्हणून ०.१ ने गुणले तर २ मिमी वाढतात.

कॅलिपर धरण्याची पद्धत व्यासाला आणि उंचीला वेगळी आहे. उंची मोजताना वृत्तचिती जबड्यांत तिरकी बसली तर वाचन वाढते, कमी कधीच होत नाही. आपली वृत्तचिती दोनच अंश कलली आणि जबड्यांनी तिच्या तिरप्या समोरासमोरच्या कडा पकडल्या तर ३.०४ च्या जागी ३.१० मिळते, दोन टक्के जास्त. म्हणून जबडे हलके ठेवून वृत्तचिती थोडी डोलवा आणि मिळणारे सर्वांत लहान वाचन घ्या. व्यासालाही अक्षाच्या दिशेने कललेला कॅलिपर जास्त दाखवतो. पण जबड्यांची फक्त टोके वृत्तचितीला लागली आणि मध्यापर्यंत पोहोचली नाहीत, तर व्यासाऐवजी जीवा मोजली जाते आणि वाचन कमी येते. वृत्तचिती जबड्यांच्या रुंद, सपाट भागात, पट्टीच्या शक्य तितक्या जवळ घ्या.

व्यास किमान सहा वेळा मोजा: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी वृत्तचिती काटकोनात फिरवून दुसऱ्यांदा. एकाच जागी सहा वेळा मोजून सरासरी काढण्यात काही अर्थ नाही. वृत्तचिती लंबगोल आहे की निमुळती, हे त्यातून कळत नाही. वरचा आणि खालचा व्यास ०.०२ सेमीहून जास्त वेगळा आला तर निमुळतेपणा नोंदवा, सरासरी घेतली तरी चालते. एखादे वाचन बाकीच्यांपेक्षा ०.१ ने वेगळे असेल तर ते सरासरीत मिसळू नका, ती मुख्य पट्टीची चूक आहे.

जुन्या कॅलिपरचे जबडे झिजलेले असतात. मिटलेले जबडे उजेडासमोर धरा. कुठे फट दिसली तर शून्य त्रुटी सगळीकडे सारखी नाही. ज्या भागात शून्य त्रुटी पाहिली त्याच भागात वृत्तचिती धरली, तर निदान ती चूक आपोआप वजा होते. आणि पकड घट्ट करणारा स्क्रू आवळताना पट्टी किंचित सरकते, म्हणून आवळल्यावर वाचा, आधी नाही.

तराजू

वस्तुमानात चूक तुलनेने कमी होते. वृत्तचिती पुसून कोरडी करा, तेलाचा हात असेल तर तोही. ०.०१ ग्रॅमचा डिजिटल काटा छताच्या पंख्याच्या वाऱ्याने हलतो, पंखा बंद करा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा ७४ ग्रॅमला चालून जाईल, त्रुटी पाऊण टक्का. पण वृत्तचिती २० ग्रॅमची असेल तर तीच त्रुटी अडीच टक्के होते. अशा वेळी सारख्या पाच वृत्तचिती एकत्र ठेवून पाचाने भागा. काट्यावर विश्वास नसेल तर ₹ चिन्ह असलेली दहा रुपयांची दहा नाणी ठेवा. प्रत्येकी सुमारे ७.७ ग्रॅम, म्हणजे ७७ च्या जवळ वाचन हवे. तानकाट्याचा दर्शक रिकामा असताना शून्यावर आहे का, आणि काटा उभा धरला आहे का, एवढे पाहा. तिरका धरला की आतली स्प्रिंग नळीला घासते.

दोष वृत्तचितीतच असेल तर

सूत्र आदर्श वृत्तचितीचे आहे. हातात असते ती लेथवर कापलेली, कधी टांगण्यासाठी आकडा (हूक) लावलेली. आकडा तराजूवर वजन देतो पण व्यास-उंचीच्या मापात येत नाही, त्यामुळे घनता वाढते. उंची मोजताना आकडा जबड्यांत धरला गेला तर उलट होते, घनता बरीच कमी येते. दोऱ्यासाठी पाडलेले ३ मिमी व्यासाचे आणि १ सेमी खोल छिद्र ०.०७ घसेमी धातू काढते, म्हणजे ०.८ टक्का. दोन्ही टोकांच्या कडा १ मिमी चॅम्फर केलेल्या, म्हणजे तिरप्या कापलेल्या असतील तर आणखी सुमारे ०.७ टक्का. ही दोन्ही मिळून उत्तर दीड टक्क्याने खाली आणतात आणि बिचाऱ्या कॅलिपरवर आळ येतो. छिद्र साधे असेल तर तेही एक छोटी वृत्तचिती समजून आकारमानातून वजा करा.

चुंबक लावून पाहणे विसरू नका. पितळी दिसणाऱ्या वृत्तचितीला चुंबक चिकटला तर आत पोलाद आहे आणि वर मुलामा. तिची घनता ७.८५ च्या आसपास येणे हेच बरोबर. बिडाची घनता ७.१ ते ७.३, ॲल्युमिनिअमची २.७०, शिशाची ११.३४. ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूंत २.८ पर्यंतही जाते, म्हणून २.७८ आले की चुकले असे समजू नये.

पाण्याने पडताळा

कॅलिपरचा आकडा खरा की खोटा हे ठरवायला दुसरी, स्वतंत्र पद्धत हवी. बहुतेक जण मोजपात्र घेतात आणि निराश होतात. १०० मिलीच्या मोजपात्रावर दर रेघ १ मिली. आधीचे आणि नंतरचे, दोन्ही वाचनांत अर्धा मिली इकडेतिकडे होतो. ८.७ मिलीमध्ये १ मिलीची अनिश्चितता, म्हणजे घनता ७.६ ते ९.६ यांमध्ये कुठेही. त्यात पोलाद, पितळ आणि तांबे तिन्ही बसतात. ती पद्धत या आकाराच्या वृत्तचितीसाठी निरुपयोगी आहे.

त्याऐवजी डिजिटल काटा वापरा. २५० मिलीच्या चंचुपात्रात साधारण १५० मिली पाणी घ्या, ते काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. वृत्तचिती बारीक नायलॉनच्या दोऱ्याने स्टँडला टांगून पाण्यात पूर्ण बुडवा. तळापासून आणि भिंतींपासून निदान १ सेमी दूर. काट्यावरचे वाचन म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचे वस्तुमान, कारण पाणी वृत्तचितीला जेवढ्या बलाने वर ढकलते तेवढ्याच बलाने वृत्तचिती पाण्याला खाली ढकलते. आपल्या वृत्तचितीला ८.६८ ग्रॅम यायला हवे. २५ अंश सेल्सिअसला पाण्याची घनता ०.९९७, म्हणून ८.६८ ÷ ०.९९७ = ८.७१ घसेमी. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर ही पद्धत शाळेच्या व्हर्नियरपेक्षा अचूक आहे.

वाचन एकदम पंचवीस-तीसवर उडाले तर वृत्तचिती तळाला टेकली. वाचन स्थिर होत नसेल तर दोरा हातात धरला आहे. वाचन थोडे जास्त असेल तर बुडबुडे चिकटले आहेत. उकळून गार केलेले पाणी घ्या आणि वृत्तचितीला आधी ओल्या बोटाने पुसा. छिद्र असेल तर त्याचे तोंड वर ठेवा, नाहीतर आत हवा अडकते.

आता दोन्ही आकारमाने शेजारी ठेवा. पाण्याचे कमी आणि कॅलिपरचे जास्त असेल तर छिद्र, चॅम्फर किंवा दुरुस्त न केलेली धन शून्य त्रुटी. पाण्याचे जास्त असेल तर टांगायचा आकडा, बुडबुडे किंवा ऋण शून्य त्रुटी. दोन्ही जुळतात, तराजूही बरोबर आहे आणि तरीही घनता कमीच येते, तर धातू वेगळा आहे किंवा ओतकामात आत पोकळी राहिली आहे. मग आपले उत्तर बदलायचे नाही. त्या वस्तूची घनता तेवढीच आहे.

ज्यांच्यावर उगाच आळ येतो

पायची किंमत ३.१४ घेतली की २२/७, याने फरक ०.१ टक्कासुद्धा पडत नाही. तापमान दहा अंशांनी बदलले तर पितळाचे आकारमान ०.०६ टक्का बदलते. हवेचे उत्प्लावक बल ०.०१ टक्क्याच्या घरात. तोंडी परीक्षेत त्रुटीची कारणे विचारली की हीच तीन नावे पुढे येतात, आणि आपल्या मापांत ती कधी दिसणारही नाहीत.

किती अंक लिहायचे

०.०१ सेमीच्या कॅलिपरने व्यासात ०.५२ टक्का अनिश्चितता येते. व्यास वर्गात असल्याने ती दुप्पट, १.०५. उंचीची ०.३३, ०.१ ग्रॅमच्या काट्याची ०.१४. बेरीज दीड टक्का, म्हणजे ८.५० मध्ये सुमारे ०.१३. कॅल्क्युलेटरवर दिसणारे ८.४९५८ वहीत उतरवू नका, ८.५ ± ०.१ लिहा. बेरजेतला सर्वांत मोठा वाटा व्यासाचा आहे, तेव्हा अचूकता वाढवायची असेल तर महागडा काटा आणण्याआधी व्यासासाठी ०.०१ मिमीचा मायक्रोमीटर स्क्रू गेज घ्या. त्याने व्यासाचा वाटा १.०५ वरून ०.१ टक्क्यावर येतो आणि मग उंची हीच सर्वांत कच्ची कडी उरते. साध्या स्क्रू गेजची पकड मात्र २५ मिमीपर्यंतच असते. वृत्तचिती त्याहून जाड असेल तर ५० मिमीचा लागेल, आणि शून्य त्रुटी त्यालाही असते.